दर्या सांडू नये म्हणून

"तुमच्या फोटोतला दर्या सांडतो," असे आमचे अब्बा नेहमी म्हणतात.

आम्ही कुठेही फिरून आलो की तिथले फोटो अब्बांना दाखवतो. काशीद, श्रीवर्धन, हर्णै, गुहागर. प्रत्येक फोटोत मुले हसत असतात, मागे समुद्र असतो, आणि तो समुद्र कधी डावीकडे तर कधी उजवीकडे कललेला असतो. अब्बा मोबाइल हातात घेतात, चेहऱ्यांवरून एकदा नजर फिरवून "माशाअल्लाह" म्हणतात आणि मग समुद्राच्या रेघेवर बोट ठेवतात. "हे बघ, इकडून सगळं पाणी वाहून चाललंय. खाली बादली ठेव." मुले खिदळतात. आम्हीही हसून सोडून देत होतो. फोटोत माणसे महत्त्वाची, रेघेचे काय एवढे, असे आम्हाला वाटे.

अब्बांना मात्र ती रेघ सोडवत नाही, कारण त्यांचे उभे आयुष्य तिच्याकडे बघण्यात गेले. ते व्यापारी जहाजावर खलाशी म्हणून चढले आणि सुकाणी म्हणून निवृत्त झाले. सुकाण्यापुढे होकायंत्र असते आणि त्याच्या पलीकडे पाणी नि आकाश जिथे मिळतात ती रेघ. साहेब लोक भर दुपारी सेक्स्टंट घेऊन डेकवर येत आणि सूर्य त्या रेघेपासून किती अंश वर आहे ते मोजत. त्या मापावरून जहाज कुठे आहे ते ठरे. धुक्यात रेघ पुसट झाली की माप बिघडे. "ज्या रेघेवर जहाज घरी येतं, ती तुम्ही वाकडी करता," अब्बा म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी अब्बांना अर्धांगाचा झटका आला. अल्लाहच्या कृपेने जीव वाचला, बोलणेही बरेच सुधारले. पण डावी बाजू दुबळी राहिली. काठी घेऊन चार पावले टाकतात. बसले की शरीर हळूहळू डावीकडे कलते. घरी आम्ही त्यांच्या डाव्या बाजूला तक्क्या लावून ठेवतो. थोरले भाईजान कुवेतला असतात. त्यांचा व्हिडिओ कॉल आला की आम्ही आधी तक्क्या नीट करतो आणि मोबाइल असा धरतो की अब्बांचा चेहरा तेवढा दिसावा. "कसे आहेत?" "अलहमदुलिल्लाह, छान आहेत." परदेशात एकटा राहणारा माणूस, त्याच्या जिवाला घोर कशाला लावायचा, एवढाच आमचा हेतू.

या हिवाळ्यात अब्बा एकाएकी म्हणाले, "मला मुरूडला घेऊन चला. राजपुरीची जेट्टी बघायची आहे." मुरूडच्या बाजूला त्यांचे आजोळ. राजपुरीच्या खाडीत मामाच्या होडीत बसून त्यांनी पहिल्यांदा समुद्र पाहिला होता. आजारानंतर त्यांनी दर्या पाहिलाच नव्हता. पुढच्याच रविवारी पहाटे फज्रनंतर आम्ही निघालो. पुढच्या सीटवर अब्बा, त्यांच्या डाव्या अंगाला उशी. मागे अम्मी, आम्ही आणि दोन्ही मुले.

अलिबाग मागे टाकले की रस्ता चौल आणि रेवदंड्यावरून जातो. आज चौलमध्ये नारळी-पोफळीच्या वाड्या दिसतात, पण हे एके काळचे मोठे बंदर. अरब लोक त्याला सैमूर म्हणत. दहाव्या शतकात अल-मसूदी हा प्रवासी इथे येऊन गेला आणि इथल्या मुस्लिम वस्तीबद्दल त्याने लिहून ठेवले. रेवदंड्याच्या पुढे कुंडलिका खाडीवरचा पूल ओलांडला की साळाव, मग कोर्लई, बोर्ली, काशीद, नांदगाव. काशीदच्या आसपास रस्ता समुद्राला अगदी चिकटून जातो. तिथे अब्बांनी गाडी थांबवायला सांगितली. उतरले नाहीत. काच खाली करून बराच वेळ नुसते समोर पाहत राहिले. अम्मींनी खुणेनेच आम्हाला गप्प राहायला सांगितले.

मुरूड गावातून थोडे पुढे गेले की राजपुरी. जेट्टीवर उभे राहिले की समोर पाण्यातून उगवल्यासारखा जंजिरा दिसतो. जझीरा म्हणजे बेट. त्या अरबी शब्दाचेच हे मराठी रूप. आफ्रिकेतल्या हबशाणातून आलेल्या सिद्दींनी हा किल्ला शेकडो वर्षे राखला. अनेकांनी प्रयत्न केले, पण तो लढून कोणालाच घेता आला नाही. १९४८ मध्ये जंजिरा संस्थान भारतात विलीन झाले. आजही किल्ल्यावर जायला शिडाच्या होड्या असतात. पावसाळ्यात मात्र ही वाहतूक बंद राहते.

होडीतून किल्ल्याच्या पायऱ्यांवर उतरताना लाटेचा अंदाज घेऊन पाऊल टाकावे लागते. अब्बांना ते जमणारे नव्हते. त्यांनी स्वतःच सांगितले, "तुम्ही जाऊन या. मी आणि तुमची अम्मी इथे चहा घेतो. फक्त फोटो आणा. आणि न सांडता आणा." चहाच्या टपरीवाल्याने दोन खुर्च्या सावलीत मांडून दिल्या.

होडीत बसलो आणि पहिल्या पाच मिनिटांतच न सांडता फोटो आणणे किती अवघड आहे ते कळले. शीड वाऱ्याने भरले की होडी एका अंगाला झुकते. आपण होडीत बसलेले असतो, म्हणून आपल्या नजरेला होडीच सरळ वाटते. आम्ही होडीचा काठ फोटोच्या खालच्या कडेला समांतर धरून चार फोटो काढले. चारही फोटोंत होडी ताठ आणि समुद्र उतारावर लागलेला. मग थोरल्याने मोबाइल घेतला. त्याने होडीकडे पाहिलेच नाही. समोरची रेघ सरळ धरली आणि बोट दाबले. त्या फोटोत होडी कललेली आली, डोलकाठी तिरकी आली, माणसे एका बाजूला रेललेली आली. पण तो फोटो पाहताना आपण वाऱ्यात आहोत असे वाटते. आधीच्या चार फोटोंत होडी बैठकीच्या खोलीत ठेवल्यासारखी दिसत होती.

थोरल्याच्या मोबाइलमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'लेव्हल' नावाची सोय आहे. मोबाइल सरळ धरला की पडद्यावरच्या रेषा एकमेकींना जुळतात. गवंड्याच्या पाणसळीसारखेच हे काम, फक्त बुडबुड्याच्या जागी आत एक बारीकसा संवेदक असतो आणि तो जमिनीची ओढ कोणत्या दिशेला आहे ते ओळखतो. जमिनीवर हे उत्तम चालते. होडीत मात्र ते फसते. होडी वळते, लाटेवर चढते, उतरते, तेव्हा बाजूने जोर बसतो आणि खाली म्हणजे नेमके कुठे, हेच त्या संवेदकाला चुकीचे कळते. होडीत असताना पडद्यावरच्या खुणेपेक्षा दूरवरच्या रेघेवर विश्वास ठेवावा.

माणसाच्या कानातही असाच एक संवेदक आहे आणि तोही असाच गोंधळतो. धाकटी खाली मान घालून मघाचे फोटो पाहत बसली होती. तिला मळमळू लागले. कानातला तोल सांगतो की आपण हलतोय आणि डोळे सांगतात की समोरचे काहीच हलत नाही. या भांडणातून बोट लागते. आम्ही तिला अब्बांचाच जुना उपाय सांगितला. मोबाइल बंद कर आणि त्या दूरच्या रेघेकडे बघत राहा. पाच-सात मिनिटांत तिचा चेहरा निवळला. होडीवाले चाचा म्हणाले, "आम्ही पण पोरांना हेच शिकवतो."

जंजिऱ्याचा मुख्य दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. तटबंदीच्या दोन बुरुजांच्या मध्ये तो लपलेला आहे. आत गेल्यावर गोड्या पाण्याचे दोन तलाव, पडक्या इमारती आणि बुरुजांवर तोफा. कलाल बांगडी तोफेपाशी सगळ्यांचीच फोटोसाठी गर्दी होती.

तटावर चढलो तेव्हा रेघ एकदम दूर सरकल्यासारखी वाटली. ती खरोखरच सरकलेली असते. आपण जितके उंच, तितकी ती लांब जाते. डोळ्याची उंची पाण्यापासून मीटरमध्ये घ्यायची, तिचे वर्गमूळ काढायचे आणि त्याला साडेतीनने गुणायचे. जे उत्तर येते, साधारण तितके किलोमीटर क्षितिज दूर असते. होडीत बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून एक मीटर वर धरले तर क्षितिज साडेतीन किलोमीटरवर. वाळूवर उभ्या असलेल्या माणसाला साडेचार किलोमीटर. जंजिऱ्याच्या तटावर, पाण्यापासून तेरा-चौदा मीटर उंचीवरून, जवळजवळ १३ किलोमीटर. थोरल्याने हा हिशोब तिथेच मोबाइलवर करून धाकटीला दाखवला. तिला तो फारसा पटला नाही. "रेघ तर तीच आहे," ती म्हणाली.

तटावर आम्ही आणखी दोन चुका केल्या. वायव्येला पद्मदुर्ग दिसत होता. तो आणि सगळा समुद्र एकाच फोटोत मावावा म्हणून कॅमेरा ०.५ वर नेला, म्हणजे अधिक रुंद केला. फोटोत क्षितिज सरळ येण्याऐवजी धनुष्यासारखे वाकले. रुंद भिंग फोटोच्या कडेजवळची सरळ रेघ वाकवते. मधोमध असलेली रेघ मात्र सरळ राहते. म्हणून रुंद फोटो काढायचाच असेल तर क्षितिज मध्यावर घ्यावे, नाही तर साध्या भिंगाने काढावा. दुसरी चूक दरवाजापाशी झाली. तिथे समुद्र दिसत नव्हता, म्हणून सरळ कशावरून धरायचे ते कळेना. अशा वेळी आडव्या रेघेऐवजी उभी रेघ धरावी. कमान, खांब, मशिदीचा मिनार, काहीही चालते. मात्र ती उभी रेघ फोटोच्या मध्यावर असावी. मोबाइल वर तोंड करून धरला की कडेच्या भिंती आत झुकलेल्या दिसतात. त्यांच्यावर भरवसा ठेवला तर फोटो वाकडाच येतो. गवंड्याचा ओळंबा जसा एकाच दोरीने सगळी भिंत सांगतो, तशी मधली एकच रेघ पुरे.

दुपारी परत आलो तेव्हा अब्बा खुर्चीत डावीकडे कललेले होते आणि अम्मींनी त्यांच्या कुशीला आपली पिशवी लावली होती. फोटोंची तपासणी सुरू झाली. होडीतले आमचे चार फोटो बाद झाले. थोरल्याचा कललेल्या होडीचा फोटो पाहून अब्बांनी मान हलवली. "हा पास. होडी कलायचीच. दर्या कलत नाही."

मग आम्ही जेट्टीवरून काढलेला एक फोटो मोठ्या विश्वासाने पुढे केला. त्यात राजपुरीची खाडी होती आणि पलीकडे दिघीच्या बाजूचा किनारा. किनाऱ्याची कड आम्ही अगदी मापात सरळ धरली होती. अब्बा म्हणाले, "हा वाकडा आहे." आम्ही वाद घातला. तेव्हा त्यांनी समजावले. खाडीचा पलीकडचा काठ म्हणजे क्षितिज नव्हे. त्याचे एक टोक आपल्यापासून जवळ असते आणि दुसरे लांब. जवळचे टोक फोटोत खाली येते, लांबचे वर जाते. म्हणजे तो काठ फोटोत तिरका दिसणे हेच बरोबर. आम्ही त्याला जबरदस्तीने आडवा केला आणि बाकीचे सगळे वाकवले. नीट पाहिले तर काठावरची झाडे एका बाजूला झुकली होती. वाळूवरची लाटेची कड, तलावाचा काठ, रस्ता, या सगळ्यांचे असेच. सरळ असते ती उघड्या समुद्राची रेघ, आणि ती खाडीच्या तोंडाबाहेर दिसत होती. फोटोत तिचा छोटा तुकडाही आला होता. आम्ही तिकडे पाहिलेच नव्हते.

"आधी रेघ धरायची, मग माणूस बघायचा," अब्बा धाकटीला सांगत होते. "तुम्ही आधी माणूस बघता." तिने त्यांच्यासमोर मोबाइलमध्ये ग्रिडच्या रेषा चालू करून घेतल्या. पडद्यावर दोन आडव्या आणि दोन उभ्या रेषा येतात. त्यातली एक आडवी रेषा समुद्राच्या रेघेवर ठेवायची. मोबाइल दोन्ही हातांनी धरायचा, कोपरे बरगड्यांना टेकवायचे, पाय समपातळीवर ठेवायचे. पडद्यावरचे बटण अंगठ्याने दाबताना उजवी बाजू नकळत खाली जाते, म्हणून बोट हलकेच टेकवायचे, नाही तर कडेचे आवाजाचे बटण दाबायचे. एवढे केले की निम्मे फोटो आपोआप सुधारतात.

असरची नमाज गावातल्या मशिदीत अदा करून आम्ही मुरूडच्या किनाऱ्यावर गेलो. लांबच लांब वाळू, मागे सुरूची झाडे, समोर पाण्यात पद्मदुर्ग. ओहोटी होती, वाळू टणक होती. दोघांनी आधार देऊन अब्बांना पाण्यापासून थोड्या अंतरावर नेले आणि खुर्चीत बसवले. त्यांनी चपला काढल्या आणि उजवा पाय ओल्या वाळूत घासला. डावा पाय अम्मींनी उचलून वाळूवर ठेवला.

अब्बांचा फोटो धाकटीने काढायचा असे ठरले. भाईजानना पाठवायचा होता. तिने शिकवल्याप्रमाणे सगळे केले. रेघ जुळवली, श्वास धरला, बटण दाबले. फोटो पाहिला आणि तिचा चेहरा पडला. मागे समुद्र एकदम सरळ होता, आणि त्या सरळ रेघेपुढे अब्बा किती कललेले आहेत ते प्रथमच इतके स्पष्ट दिसत होते. घरात तक्क्या असतो, उशी असते, कॉलवर नुसता चेहरा असतो. इथे अब्बांच्या मागे ती रेघ होती आणि काहीच झाकले जात नव्हते.

धाकटीने काही न बोलता दुसरा फोटो काढला. या वेळी तिने मोबाइलच जरा तिरका धरला, अब्बा सरळ दिसतील एवढा. मग तो फोटो घेऊन ती त्यांच्याकडे गेली. "दादा, हा बघा. यात तुम्ही एकदम ताठ."

अब्बांनी फोटो पाहिला. खुर्ची तिरकी, वाळू तिरकी, मागे समुद्र डोंगरउतारासारखा. ते आधी हसले. मग म्हणाले, "मला सरळ करायला तू सगळा दर्या वाकडा केलास?"

ती रडवेली झाली. "पण तुम्ही त्यात बरे दिसता."

"मी कललोय ते मला माहीत आहे, बेटा. अल्लाहने जेवढं ठेवलंय तेवढं आहे. पण त्याची रेघ माझ्यासाठी कशाला वाकवायची?" मग त्यांनी अम्मींना बोलावले. "या, इकडे बसा. डाव्या बाजूला." अम्मी वाळूवर बसायला गेल्या, तर म्हणाले, "खाली नको, खुर्ची आणा." सुरूखालच्या टपरीवरून दुसरी खुर्ची आणली. अम्मी शेजारी बसल्या तसा अब्बांचा खांदा त्यांच्या खांद्याला टेकला. कललेलेच होते, पण टेकलेले होते. धाकटीने डोळे पुसले, रेघ धरली आणि तिसरा फोटो काढला.

सूर्य रेघेला टेकला. टेकल्यापासून पूर्ण बुडेपर्यंत सव्वादोन मिनिटांच्या आसपास लागतात. अब्बा जहाजावर रमजानमध्ये रोजा सोडायला हीच मिनिटे मोजत असत. सूर्य दिसेनासा झाला आणि गावातून मगरिबची अजान ऐकू आली. आम्ही तिथेच चादर अंथरली. कोकणात आपला किब्ला समुद्राच्याच बाजूला येतो, मावळतीपासून थोडासा उजवीकडे. थोरल्याने अब्बांची खुर्ची सफीत ओढून घेतली. अम्मी आणि धाकटी मागे उभ्या राहिल्या. जमात सुरू करण्याआधी इमाम नेहमी म्हणतात ते शब्द थोरल्याने त्या दिवशी उच्चारले, "सफ सीधी कर लीजिए." खांदे, टाचा जुळल्या. अब्बा खुर्चीत कललेले होते. तरी सफ सरळच होती.

रात्री घरी पोहोचल्यावर आम्ही दोघे फोटो निवडत बसलो. आता खरी गोष्ट सांगायला हवी. भाईजानना कोणता फोटो पाठवायचा यावर आमचा हात अडखळला. दुसरा फोटो, अब्बा ताठ दिसतात तो, कातरून पाहिला. वरचा समुद्र काढून टाकला, खुर्चीचे पाय काढून टाकले. अब्बांचा छाती-चेहरा राहिला आणि ते अगदी ताठ दिसू लागले. समुद्र काढून टाकला की तो फोटो खोटा आहे हे सांगणारा साक्षीदारच उरत नाही. दोन वर्षे आम्ही व्हिडिओ कॉलवर हेच तर करत होतो, हे तेव्हा लक्षात आले. तक्क्या लावायचा, चेहरा तेवढा दाखवायचा आणि "अलहमदुलिल्लाह" म्हणायचे.

अम्मी मागे उभ्या होत्या. त्यांनी विचारले, "हा पाठवणार?" एवढेच. आम्ही तो पुसून टाकला आणि तिसरा फोटो पाठवला. पूर्ण. अब्बा, अम्मी, दोन खुर्च्या आणि मागे सरळ समुद्र.

भाईजानकडून एक दिवस उत्तर आले नाही. दुसऱ्या रात्री फोन आला. "अब्बा इतके कलतात? मला कुणीच का नाही सांगितलं?" आमच्याकडे उत्तर नव्हते. तुम्हाला काळजी नको म्हणून, असे म्हणालो. ते म्हणाले, "काळजी मला करू द्यायची होती. ती माझी होती." मग बराच वेळ दोन्हीकडे शांतता. ईदनंतर यायचे असे ते गेली दोन वर्षे म्हणत होते. या वेळी त्यांनी ईदची वाट पाहिली नाही. सुट्टीचा अर्ज केला आहे, पुढच्या महिन्यात येतील, इन्शाअल्लाह.

मुरूडचे बाकीचे फोटो नंतर सावकाश नीट केले. वाकडा फोटो मोबाइलमध्ये फिरवून सरळ करता येतो हे खरे. पण त्याची किंमत असते. फोटो फिरवला की चार कोपरे रिकामे पडतात आणि ते झाकायला कडा कापाव्या लागतात. मोबाइलचा नेहमीचा ४:३ आकाराचा आडवा फोटो २ अंश सरळ केला तर सुमारे ९ टक्के चित्र जाते. ५ अंश सरळ केला तर जवळजवळ एक पंचमांश. होडीतल्या एका फोटोत कडेला होडीवाले चाचा होते. समुद्र सरळ केला आणि चाचा निम्मे कापले गेले. तो फोटो आम्ही तसाच वाकडा ठेवला आहे. अब्बांनीही त्याला हरकत घेतली नाही.

तिसरा फोटो मात्र मोठा करून घेतला, ३० सेंटिमीटर रुंद. एवढ्या फोटोत रेघ ५ अंश वाकडी असती तर तिचे एक टोक दुसऱ्यापेक्षा अडीच सेंटिमीटरहून जास्त वर दिसले असते. या फोटोत तसे काही नाही. अब्बांनी तो हातात घेतला, नेहमीप्रमाणे रेघेवर बोट ठेवले आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश फिरवले. "नाही सांडत," म्हणाले.

भाईजान आले की सगळ्यांनी पुन्हा मुरूडला जायचे ठरले आहे. तेव्हा फोटो काढायचे काम अब्बांनी आतापासूनच धाकटीला देऊन ठेवले आहे.